दसऱ्यानंतर पुढे गेलेलं घड्याळ

आमच्या कंपनीत भोंगा वाजला की माणसं आधी मनगटाकडे बघायची. घड्याळ भोंग्याशी जुळत नसेल तर तिथल्या तिथे चावी ओढून काटा सरकवायचा आणि मग कामाला लागायचं. मीही तेच करायचे. नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत विजेची बटणं बनवणारी ती कंपनी, फार मोठी नव्हती, पण भोंगा असा खणखणीत की समोरचा टपरीवाला त्यावर चहाचं आधण ठेवायचा आणि शेजारच्या शेडमधले वेल्डर त्यावर डबे उघडायचे. टीव्हीची वेळ आणि भोंग्याची वेळ यांत फरक दिसला तर लोक म्हणायचे, "टीव्हीचं काय घेऊन बसलात!"

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मी तिथे कॉम्प्युटर सेक्शनला होते. सेक्शन म्हणजे मी, माझं टेबल आणि उन्हाळ्यात फक्त आवाज करणारा एक पंखा. डिप्लोमा करून चिकटले होते ती पगारपत्रकं काढायला. माझ्या आधी तिथे एक इंजिनिअर होता, भलताच हुशार. कंपनीतली सगळी मशीनं एकमेकांना जोडून ठेवली त्याने आणि पुण्याला बरी नोकरी लागली तसा ऐन पावसाळ्यात चालता झाला. जाताना मला म्हणाला, "सगळं आपोआप चालतं. तुम्ही फक्त कशाला हात लावू नका." बरं बाबा, नाही लावत.

त्या आपोआपमध्येच गेटवरचं मशीन होतं. म्हणजे टाइम ऑफिसातला कॉम्प्युटर. आल्यागेल्याचं कार्ड त्यात घासायचं, आणि भोंगाही त्यालाच जोडलेला. कॉम्प्युटरचं स्वतःचं घड्याळ तसं कच्चंच असतं, रोज थोडं थोडं पुढे नाहीतर मागे सरकतं. म्हणून त्या हुशार माणसाने एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. स्क्रिप्ट म्हणजे मशीनने आपणहून करायच्या कामाच्या चार ओळी. रोज पहाटे मशीनने इंटरनेटवरच्या एका टाइम सर्व्हरला, म्हणजे बिनचूक वेळ सांगणाऱ्या मशीनला, वेळ विचारायची आणि आपलं घड्याळ लावून घ्यायचं. झालं. इतकं साधं.

त्याच वर्षी असेंब्लीला एक नवी बाई लागली. घोटीकडची, म्हणून सगळे तिला घोटीवाली म्हणायला लागले. भातशेतीवाल्यांची सून, तिशीच्या आतली, हाताला इतकी चपळ की बटणातली ती एवढीशी स्प्रिंग ती न बघता बसवायची. टेम्पररी होती. घेताना तिला सांगितलेलं, हजेरी स्वच्छ ठेव, संक्रांतीनंतर कायम करू. घरात तान्हं पोर होतं. डब्याच्या सुट्टीत आम्ही बायका एकत्र बसायचो तेव्हा तिचं सगळं बोलणं त्या पोराभोवती फिरायचं.

"दिवसभर सासू पेज घालती त्याला, वाटीनं दूध पाजती," ती सांगायची. "पण सकाळचं त्याचं पिणं मी सोडत नाय, मॅडम. डोळं उघडलं की त्याला मीच लागते. पोटभर पेला की मग मला जाऊ देतो. साहेब हाय तो आमचा!"

त्या साहेबापायी ती घोटीहून दुसऱ्या एसटीने यायची. पहिली गाडी अंधारातच सुटायची, पोर गाढ झोपेत असताना. दुसरी सुटेपर्यंत त्याचं पिणं आटोपायचं. दुसऱ्या गाडीने हायवेवर पाथर्डी फाट्याला उतरलं आणि पाय उचलले की भोंग्याच्या आधी ती गेटात. जास्तीचं एक मिनिट नाही, पण उशीरही नाही. त्या दोन गाड्यांच्या मधे तिचं सगळं आईपण बसवलेलं होतं म्हणा ना.

दिवाळी झाली आणि तिला लेटमार्क लागायला सुरुवात झाली. आधी मधूनच एखादा, मग आठवड्यातून दोन-तीन, मग रोजच. एक दिवस ती तणतणत माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, ते तुमचं मशीन माझ्यावर डूख धरून हाय!"

"अगं, मशीन कशाला डूख धरेल?"

"मग रोज मलाच कसं लेट दावतंय? गाडी टायमावर येती. तोच डायव्हर, तोच कंडक्टर. मी वाटंत कुठं बसत नाय, कोणाशी बोलत नाय. मग मधला टाइम जातोय कुठं?"

मी तिला घेऊन टाइम ऑफिसात गेले. तिथले साहेब वयस्क, सरळमार्गी, शब्दाला पक्के. कोणाचं वाईट करणारा माणूस नव्हे. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी तिची हजेरी काढून दाखवली. एक मिनिट उशीर, दोन मिनिटं उशीर, असं करत करत आता तीन-चारवर आलेलं.

"हे बघ बाई," ते म्हणाले, "मशीनला भाऊबंदकी नसते. आली तशी वेळ टाकतं ते."

मग त्यांनी आपलं मनगट पुढे केलं. मी माझं केलं. दारातल्या वॉचमनने त्याचं केलं. तिन्ही घड्याळं गेटच्या मशीनशी अगदी तंतोतंत. "आता एवढी सगळी घड्याळं खोटी आणि एसटी तेवढी खरी?" साहेब म्हणाले, आणि वॉचमन खो खो हसला. घोटीवालीही कसनुशी हसली. तिच्या हाताला घड्याळच नव्हतं, दाखवणार काय?

त्यानंतर ती फाट्यापासून पळत यायला लागली. चपला हातात, पदर खोचलेला, डबा छातीशी धरलेला. मी रिक्षातून येताना तिला गाठायचे कधीकधी, आत ओढून घ्यायचे. तेवढ्या दिवशी वाचायची, एरवी लेटच! मग साहेबांनी तिला बोलावून सांगितलं की यापुढे आणखी लेट झाला तर कायम करायचा विचार कंपनीला सोडावा लागेल. रागावून नाही सांगितलं, समजावूनच. पण सांगितलं ते तेच.

दुसऱ्या दिवसापासून ती पहिल्या गाडीने येऊ लागली.

नाशिकची थंडी ती, हाडात शिरते. मी पोचायचे तेव्हा ती गेटाबाहेर वॉचमनच्या शेकोटीपाशी बसलेली असायची, कधीची आलेली. एका सकाळी जवळ गेले तर तिने पटकन पदर पुढे ओढून घेतला. पोलकं ओलं झालं होतं.

"झोपंतच सोडून येते त्याला," ती जाळाकडे बघत म्हणाली. "उठवून बघितलं एक-दोनदा. अर्धवट पितो न् रडत बसतो. सासू म्हणती, नको उठवत जाऊ. सवय हुईल त्याला."

मला राग आला, असा की अंगाचा तिळपापड झाला. पण काढायचा कोणावर? साहेबांचं चुकत नव्हतं, एसटीचं चुकत नव्हतं, ही बाई तर धावून धावून अर्धी झाली होती. तिची बाजू खरी वाटत होती आणि माझं स्वतःचं घड्याळ तिला खोटं ठरवत होतं. अशा वेळी माणसाने कुणाला झोडपायचं?

मी तेव्हा इंदिरानगरला बाबांसोबत राहायचे. बाबा रिटायर्ड मास्तर, रेडिओचे भक्त. घरात टीव्ही असून बातम्या ऐकायच्या त्या रेडिओवरच. त्या संध्याकाळी मी मटार सोलत बसले होते. मनगटाकडे बघितलं, सात वाजून गेलेले. रेडिओवर अजून कसलंसं शेतीचं बोलणं चाललेलं.

"बाबा, तुमच्या बातम्या आज लांबल्या वाटतं."

"बातम्या लांबतात?" बाबा माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी फळ्यावर पाढा चुकवलाय. "अगं, डोकं ठिकाणावर आहे ना? वाजू दे सात, मग लागतील."

"वाजले की केव्हाच."

"कोणाचे वाजले? दाखव बघू." त्यांनी माझं मनगट धरून चष्म्याखालून पाहिलं. तेवढ्यात बातम्यांआधीची ती टिकटिक झाली आणि बातम्या सुरू झाल्या. "हे बघ. चांगलं पाच-सहा मिनिटं पळतंय तुझं."

"माझं घड्याळ कंपनीच्या भोंग्यावर लावलेलं असतं, बाबा."

"मग तुझी कंपनी पळतेय."

त्यांनी सहज म्हटलं आणि बातम्या ऐकायला लागले. मी मात्र हातातली शेंग तशीच धरून बसले. सगळी कंपनी भोंग्यावर घड्याळ लावते. मशीन पुढे गेलं तर भोंगा पुढे, भोंगा पुढे तर साहेबांचं घड्याळ पुढे, वॉचमनचं पुढे, माझं पुढे. आणि मग त्याच घड्याळांनी आम्ही मशीन तपासायचं! वा रे वा! अख्ख्या कंपनीत भोंग्यावर न चालणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे घोटीची एसटी. आणि तिलाच आम्ही खोटं पाडलं होतं.

"अगं बाई गं," मी म्हणाले. बाबांनी आवाज वाढवला.

सकाळी रेडिओच्या टिकटिकीवर घड्याळ लावून लवकरच गेटवर गेले. मशीन चक्क पुढे. इतके दिवस हात लावू नका म्हणून हात लावला नव्हता, आता म्हटलं, लावणारच!

पहिला संशय मशीनच्या पोटातल्या सेलवर. पण सेल गेला की मशीन बंद-चालू केल्यावर तारीखच भलतीकडे जाते. इथे तारीख ठीक होती. घड्याळ नुसतं रोज थोडं थोडं पळत होतं आणि त्याला कोणी मागे ओढत नव्हतं. म्हणजे ती चार ओळींची स्क्रिप्ट तिचं काम करत नव्हती. उघडून बघितली. ओळी तर बरोबर होत्या. पण शेवटी त्या शहाण्याने लिहून ठेवलेलं, काही चुकलं तर ती तक्रार सरळ फेकून द्यायची, कुठे दाखवायची नाही, कुठे नोंदवायची नाही. म्हणजे चुकलं तरी गप्प बसायचं! तो पुण्याचा हुशार समोर असता तर मी त्याला चांगला सुतासारखा सरळ केला असता.

मग तीच ओळ हाताने टाइप करून चालवली, तक्रार फेकून देणारा तुकडा काढून. मशीन क्षणभर थांबलं आणि पडद्यावर आलं की या नावाचा टाइम सर्व्हर सापडत नाही.

सापडत नाही म्हणजे? मला वाटलं गेटपर्यंत नेटच येत नसेल. वायर काढून परत घट्ट बसवली. तेच उत्तर. माझ्या टेबलाशी येऊन तेच नाव, तीच ओळ माझ्या मशीनवर चालवली, तर जरा थांबून बिनचूक वेळ! कपाळावर हात मारला. एकच नाव, एकच नेट, इथे सापडतं आणि गेटवर नाही?

इथे थोडं समजावून सांगायला हवं. इंटरनेटवरच्या मशीनांना खरं तर आकड्यांचे पत्ते असतात. नावं आपल्या सोयीसाठी. नाव दिलं की त्याचा आकडा शोधून देणारी वेगळी मशीनं असतात, जुन्या टेलिफोनच्या चौकशीसारखी. आधी चौकशीला विचारायचं, नंबर मिळाला की मग फोन लावायचा. माझ्या मशीनने टाइम सर्व्हरचा जो आकडा शोधला होता तो मी तळहातावर लिहिला आणि गेटकडे पळाले. नावाऐवजी आकडा घातला. आला की टाइम! म्हणजे वाट मोकळी होती, टाइम सर्व्हर जागेवर होता. अडलं होतं ते नावाशी. गेटचं मशीन ज्याला नाव विचारत होतं तोच उत्तर देत नव्हता.

कोणाला विचारत होतं? सेटिंग उघडलं. तिथे एकच पत्ता, आमच्याच कंपनीतल्या कुठल्यातरी मशीनचा. माझ्या मशीनवर दोन होते, पहिला तोच, आणि दुसरा नेट पुरवणाऱ्यांचा. आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. दसऱ्यापासून ऑफिसातले सगळे माझं डोकं खात होते की नेट जड झालंय, काही उघडायला गेलं की आधी नुसतं बसून राहतं आणि मग उघडतं. बसून राहणारच! आमची मशीनं आधी पहिल्या दारावर थाप मारायची, कोणी ओ देईना की मग दुसऱ्या दारी जायची. गेटच्या मशीनला दुसरं दारच नव्हतं.

ते पहिलं दार शोधत, वायरीचा माग काढत मी जिन्याखालच्या स्टोअरमध्ये पोचले. तो भाग मेंटेनन्सच्या काकांचा. त्यांना सगळे काकाच म्हणायचे. कंपनी सुरू झाली तेव्हापासूनचे, देवभोळे, आणि प्रत्येक मशीनवर पोटच्या पोरासारखी माया. कोपऱ्यात एक जुनाट कॉम्प्युटरचा डबा उभा, तेच आमचं पहिलं दार, पडदा नाही, कीबोर्ड नाही. त्याच्यावर हळदकुंकू, झेंडूचा वाळून काळपटलेला हार, आपट्याची चार पानं. आणि डबा बंद. थंडगार.

"काका, हे कोणी बंद केलं?"

"मीच की," काका हसत म्हणाले. "खंडेनवमीला."

आमच्याकडे खंडेनवमीला सगळी मशीनं धुऊनपुसून बंद ठेवायची, त्यांची पूजा करायची. त्या दिवशी कोणाकडून काम घ्यायचं नाही. दसऱ्याचं सोनं लुटून झालं की ज्याने त्याने आपापलं मशीन सुरू करायचं. लेथवाला लेथ सुरू करतो, मी माझा कॉम्प्युटर सुरू करते. या डब्याला कोणी धनीच नव्हता. मागच्या वर्षापर्यंत तो इंजिनिअर गुपचूप येऊन चालू करत असणार. या वर्षी तो पुण्यात.

"दिवसरात्र गरगर चालू असतं त्याचं," काका सांगत होते. "म्हटलं, एक दिवस तरी विसावा घे रे. मोठा हार याला घातला मी. मग वाटलं, एवढ्या दिवसांत कोणी विचारत नाही म्हणजे मोडीतच निघालं असेल. का गं, काय झालं?"

मी त्यांना सांगितलं. नावाचं, आकड्याचं, गेटच्या घड्याळाचं. ते मान डोलावत होते, पण घोटीवालीचं सांगितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. खालीच बसले स्टुलावर.

"म्हणजे माझ्या पूजेपायी त्या पोरीला लेट?"

"तुमच्या पूजेपायी नाही हो काका. कोणाच्याच लक्षात आलं नाही."

"लेकराची आई आहे ती," ते म्हणाले आणि बटणाकडे हात नेला.

"काका, थांबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की ते दचकले. आता हे चालू केलं असतं तर पहाटेपर्यंत गेटचं घड्याळ गुपचूप बरोबर झालं असतं आणि मग मी कितीही घसा फोडला असता तरी साहेब म्हणाले असते, कुठे आहे पुढे? दाखवा. आधी सगळ्यांना दाखवायचं होतं, दुरुस्ती मग.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा ट्रान्झिस्टर पिशवीत घालून नेला. बाबांनी शंभर सूचना दिल्या, तार ओढू नको, आपटू नको. गेटवर पहिल्या पाळीची गर्दी. टाइम ऑफिसचे साहेब दारात. काकाही येऊन उभे राहिले, काल रात्रभर झोप न लागल्यासारखे. शेकोटीपाशी घोटीवाली. मी रेडिओ वॉचमनच्या टेबलावर ठेवून चालू केला. "काय मॅडम, आज गाणी का?" पोरं चेष्टा करायला लागली.

भोंगा वाजला. आठ. सवयीने सगळ्यांनी मनगटं बघितली. बरोबर आठ.

"साहेब," मी म्हणाले, "दिल्लीच्या आठच्या बातम्या लागल्या पाहिजेत आता. ऐका."

रेडिओवर भजन चाललं होतं. भजन चालूच राहिलं. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, रेडिओकडे बघितलं. भजन संपलं, कसलीशी जाहिरात झाली, आणखी काहीतरी झालं. मशीनवर बसायची वेळ होऊन गेली तरी कोणी हलत नव्हतं. आणि मग ती टिकटिक झाली, आणि आठच्या बातम्या सुरू झाल्या.

साहेबांनी सावकाश मनगटावरचं घड्याळ काढलं आणि हातात घेऊन उभे राहिले. मोठा माणूस, पण त्या वेळी मला त्यांची दया आली. आयुष्यभर ज्या गोष्टीवर मान ताठ ठेवली तीच हातात बिघडलेली.

"म्हणजे आपण रोज लवकर येतोय!" मागून एक जण ओरडला.

"आणि लवकर सुटतोय पण की रे!" दुसरा म्हणाला, आणि एकच हशा पिकला. खरंच होतं ते. घड्याळ पुढे गेलं तसे सगळे नकळत घरून जरा लवकर निघत होते, संध्याकाळी तितकेच लवकर घरी जात होते. कोणाचंच काही गेलं नव्हतं. सगळ्यांच्या वाट्याची ती मिनिटं एकट्या घोटीवालीकडून वसूल झाली होती. आणि ती तेवढी हसत नव्हती. शेकोटी सोडून माझ्याजवळ आली.

"मी खोटं बोलत नव्हते ना, मॅडम?" तिने विचारलं.

"नाही गं," मी म्हणाले. "अजिबात नाही."

साहेब तिच्यासमोर आले. "बाई, चूक आमची," एवढंच म्हणाले, पण सगळ्यांसमोर म्हणाले. दसऱ्यानंतरचे सगळे लेटमार्क त्यांनी काढून टाकले. वरून कुरकुर झाली की मशीनची नोंद अशी बदलता येत नाही, तर हेच साहेब वर जाऊन भांडून आले. मला वाटलं नव्हतं.

डबा काकांनी स्वतःच्या हाताने चालू केला. मी गेटच्या मशीनला दुसरं दार दिलं, म्हणजे हा डबा बंद असला तरी नाव विचारायला नेट पुरवणाऱ्यांकडे जाता येईल. आणि स्क्रिप्ट अशी बदलली की टाइम सर्व्हर सापडला नाही तर गप्प बसायचं नाही, टाइम ऑफिसच्या पडद्यावर लाल अक्षरांत बोंब मारायची. पुढच्या खंडेनवमीला काकांनी त्या डब्याला चालू ठेवूनच हार घातला. "तू राबच बाबा," म्हणाले, "तुला सुट्टी परवडत नाही."

त्याच हिवाळ्यात संक्रांत झाली आणि घोटीवाली कायम झाली. पेढे घेऊन आली ती सगळ्यात आधी काकांकडे गेली. मग माझ्याकडे आली. नवी साडी, केसांत अबोलीचा गजरा. माझा जीव भांड्यात पडला होता, खरं सांगायचं तर मी जरा मिरवतही होते त्या दिवसांत.

"आता दुसऱ्या गाडीनं येतेस ना?" मी विचारलं.

"व्हय. त्याच दिवसापासनं."

"मग? छोटे साहेब खूश असतील तुझे. सकाळचं पिणं परत सुरू झालं."

तिने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. झाकण लावलं, परत काढलं.

"नाय मॅडम. त्याची सवय मोडली. जवळ घेतलं तर तोंड फिरवतो, वाटी मागतो. आन् आता मलाबी येत नाय." ती हसायला गेली. "सासू म्हणती, बरंच झालं, अंगावरचं सुटलं."

उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "अगं, मग कशाला त्या दुसऱ्या गाडीची धावपळ? पहिलीनं आरामात ये की."

याला काय म्हणावं, अशा नजरेनं तिने माझ्याकडे पाहिलं.

"त्यानं डोळं उघडलं की मी दिसाया नको का, मॅडम?"

भोंगा वाजला. तिने पदर सावरला आणि ती लाइनवर गेली. मी दार लावून घेतलं आणि रडले.